नवे पॅड, घासलेली डिस्क आणि तरीही थरथर

“ब्रेक मारल्यार स्टेरिंग हलता. पॅड नवीन घातलंय, डिस्क लेथार मारून हाडलंय, तरी तसाच.”

गणपतीआधीच्या पंधरवड्यात मालवण, कुडाळ किंवा कणकवलीच्या कुठल्याही गॅरेजात तासभर बसलात, तर ही तक्रार एकदा तरी कानावर पडते. तिच्यावरचं उत्तरही बहुधा ठरलेलं असतं: डिस्क बेंड झाली, पुन्हा टर्निंगला पाठवू. डिस्क लेथवर जाते, आणखी थोडी पातळ होऊन येते, चार दिवस बरं वाटतं आणि मग एखाद्या उतारावर स्टेअरिंग धरलेले हात पुन्हा थरथरायला लागतात.

हा फेरा मी स्वतः दोनदा केला आहे. तिसऱ्यांदा डिस्क घेऊन गेलो तेव्हा लेथवरच्या म्हाताऱ्या कारागिराने ती हातात घेतली, उलटी केली, आतल्या बाजूवर अंगठा फिरवला आणि विचारलं, “हबाचो गंज काडलास मां?” कुणीच काढला नव्हता. माझी गाडी तेव्हा तारकर्लीच्या वाटेवर, खाऱ्या वाऱ्यात, पावसाळाभर उघड्यावर उभी असायची. त्या दिवशी डिस्क लेथवर चढलीच नाही. घरी येऊन हब वायर ब्रशने घासला, डिस्क परत बसवली आणि थरथर तीन चतुर्थांश कमी झाली. उरलेली कशाची होती ते पुढे सांगतो.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. पॅड बदलून आणि डिस्क घासूनही गाडी थरथरत असेल, तर तिसऱ्यांदा लोखंड काढण्याआधी साफ करा आणि मोजा. आपल्या किनाऱ्यावर दोष जितका डिस्कमध्ये असतो, तितकाच ती जिथे बसते त्या जागेत असतो.

आधी ही थरथर येते कुठून ते पाहू. “डिस्क वाकली” हा शब्द आपण सैल वापरतो. शर्यतीच्या गाड्यांवर आयुष्य घालवलेला अमेरिकन अभियंता कॅरोल स्मिथ याने उतारवयात यावर एक लेखच लिहिला होता. खरोखर वाकलेली डिस्क फार क्वचित सापडते, असं त्याचं म्हणणं. प्रत्यक्षात दोन गोष्टी घडतात. एक, डिस्क हबवर किंचित तिरकी बसते आणि फिरताना डावी-उजवी डुलते. दोन, तिची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. पहिली गोष्ट दुसरीला जन्म देते. तिरकी डिस्क प्रत्येक फेऱ्यात एकाच ठिकाणी पॅडला चाटून जाते, ब्रेक दाबलेला नसतानाही. हजारो किलोमीटर असं चाटून ती जागा बारीक होते. मग ब्रेक दाबला की जाड भाग आला तर पॅड मागे ढकलला जातो, पातळ भाग आला तर पुढे येतो. पायाखाली पेडल धडधडतं ते यामुळे.

आकडे पाहिले की नजर बदलते. बहुतेक छोट्या गाड्यांत डिस्कच्या डुलण्याची मर्यादा ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या दरम्यान असते. माणसाच्या डोक्याचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. जाडीतला फरक तर त्याहून नाजूक, ०.०१५ मिलिमीटरच्या आसपास गेला तरी पायाला कळू लागतो. आता हबच्या तोंडावर, कडेजवळ, गंजाचा ०.०३ मिलिमीटरचा पापुद्रा आहे असं धरा. हबचा व्यास १३० मिलिमीटर आणि डिस्कचा २४०, तर तो पापुद्रा डिस्कच्या कडेला जवळजवळ दुप्पट होऊन दिसतो, सुमारे ०.०५५ मिलिमीटर. म्हणजे नवीकोरी, मापात अचूक डिस्क घातली तरी मर्यादा तिथेच गाठली गेली. अंगठ्याला जेमतेम लागेल इतक्या गंजाचा हा प्रताप आहे.

म्हणून गाडी उघडण्याआधी स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न: थरथर कधी सुरू झाली? काम झाल्या दिवशीच, गॅरेजातून बाहेर पडतानाच सुरू झाली असेल तर संशय बसवणीवर घ्या: हबचा गंज, एअर गनने वेडेवाकडे आवळलेले नट, लेथवर तिरकी कापली गेलेली डिस्क. दोन-चार हजार किलोमीटर गाडी छान चालली आणि मग हळूहळू सुरू झाली, तर डिस्क पहिल्यापासून डुलत होती आणि आता तिची जाडी बिघडली आहे. एखादा मोठा घाट उतरल्यावर अचानक सुरू झाली, तर उष्णता आणि पॅडचा चिकटलेला थर यांकडे बघा. मेस्त्रीला हे तीन तपशील नीट सांगितलेत तर त्याचा निम्मा वेळ वाचतो, आणि तुमचे पैसेही.

दुसरा प्रश्न, हलतं काय? स्टेअरिंग हलत असेल तर बहुधा पुढची चाकं. सीट आणि पायाखालचा पत्रा थरथरत असेल तर मागची. पेडल धडधडत असेल तर जाडीतला फरक, पुढे किंवा मागे. आणि ब्रेक न दाबताच ८०-९० च्या वेगाला थरथर येत असेल तर ब्रेकला दोष देऊ नका. चाकांचं बॅलन्सिंग, टायरला आलेला फुगा, खड्ड्यात वाकलेली रिम, यांतलं काहीतरी आहे.

मागच्या चाकांची खात्री करायला एक सोपी चाचणी आहे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे ड्रम असतात. कोरड्या, सपाट, रिकाम्या रस्त्यावर ३०-४० च्या वेगात, हँडब्रेकचं बटण अंगठ्याने दाबून धरून तो हळूहळू ओढा. पुढची चाकं या वेळी ब्रेकखाली नसतात. थरथर आली तर ड्रम अंडाकृती झाला आहे किंवा आत गंज धरला आहे. पावसात, वाळूवर किंवा मागे वाहन असताना हे करू नका, आणि हँडब्रेक बटणावर चालणारा, इलेक्ट्रॉनिक असेल तर करूच नका. मासळी वाहणाऱ्या पिकअपवाल्यांनी ही चाचणी आवर्जून करावी. क्रेटमधून बर्फाचं खारं पाणी रोज मागच्या ॲक्सलवर ठिबकत असतं, आणि त्यांच्या गाड्यांत पुढच्या डिस्कवर खर्च होत राहतो नि दोष मागच्या ड्रमात निघतो, असं मी बऱ्याचदा पाहिलं आहे.

एक अपवाद ओळखून ठेवा. गाडी अगदी थांबता थांबता, माणसाच्या चालीच्या वेगाला आली असताना पेडल कुरकुरून धडधडलं, तर ते एबीएस असू शकतं. चाकाजवळच्या सेन्सरखाली गंज फुगला की त्याला चुकीचा संदेश जातो आणि कोरड्या रस्त्यावरही तो जागा होतो. तिथे डिस्क घासून काहीच साधणार नाही.

गाडी एका बाजूला ओढत असेल, पेडल हळूहळू खाली बसत असेल किंवा चाकाच्या आतून तेल ओघळलेलं दिसत असेल, तर या लेखातलं काहीही करत बसू नका. ती गाडी घाटात नेऊ नका, गॅरेजलाही दोरीने ओढत नव्हे, उचलूनच न्या.

आता चाक काढू. सपाट जागी, जॅकवर उचललेली गाडी लोखंडी घोडीवर टेकवून. हे मुद्दाम लिहितो, कारण आपल्याकडे गाडीखाली चिरा ठेवायची सवय आहे. जांभा मऊ दगड आहे, कडेवर भार आला की फुटतो. चिरा चाकाच्या पुढेमागे लावायला उत्तम, गाडीच्या वजनाखाली कधीही नाही.

कॅलिपर सोडला की तो ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नका, तारेने वर बांधा. डिस्क काढा आणि उजेडात हब बघा. किनाऱ्यावरच्या गाडीत तिथे तपकिरी खपल्या असणारच. वायर ब्रशने घासा, मग बारीक एमरी पेपरने, विशेषतः मधल्या उंचवट्याभोवतीचा कोपरा आणि प्रत्येक स्टडच्या मुळाशी, कारण ब्रश तिथे पोचत नाही आणि गंज नेमका तिथे दडून बसतो. लोखंड चकचकीत व्हायला नको, सपाट व्हायला हवं. डिस्कच्या टोपीची आतली बाजूही तशीच साफ करा. जुन्या पॅडची भुकटी हवेच्या पाइपने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. ती नाकात जाण्याजोगी वस्तू नाही. हबच्या तोंडावर ग्रीसचा जाड थर देण्याची पद्धतही सोडा. तो थरही शेवटी जाडीच आहे.

यानंतर मोजणी. मॅग्नेट स्टँडवरचा डायल गेज लेथवाल्याकडे असतोच, बऱ्याच गॅरेजात तो कपाटात पडून असतो. डिस्क हबवर बसवा, सगळे चाकाचे नट वॉशर घालून समोरासमोरच्या क्रमाने आवळा, नाहीतर डिस्क सैल राहून आकडा खोटा येईल. गेजचं टोक डिस्कच्या कडेपासून सुमारे १० मिलिमीटर आत टेकवा आणि डिस्क हाताने सावकाश एक फेरा फिरवा. काटा ०.०५ च्या आत फिरला तर आनंद आहे. जास्त फिरला तर सर्वांत उंच जागेवर खडूने खूण करा, हबवरही तशीच खूण करा, मग डिस्क काढून एक स्टड पुढे सरकवून बसवा आणि पुन्हा मोजा. उंच जागा डिस्कबरोबर सरकली तर दोष डिस्कचा. ती हबच्या खुणेपाशीच थांबली तर दोष हबचा किंवा बेअरिंगचा, आणि मग शंभर डिस्क बदलल्या तरी थरथर जाणार नाही. कधी कधी या सरकवण्यातच दोघांचे दोष एकमेकांना खाऊन टाकतात आणि आकडा मर्यादेत येतो. मग तशीच ठेवा. ही पाच मिनिटांची चाचणी मला या सगळ्या कामातली सर्वांत मोलाची वाटते, आणि दुर्दैवाने सर्वांत कमी वेळा ती केली जाते.

जाडी मायक्रोमीटरने मोजा, गोलावर सारख्या अंतराने आठ ठिकाणी. व्हर्निअर इथे चालत नाही. डिस्कच्या कडेला झिजेमुळे ओठासारखी कड उभी राहते, व्हर्निअर तिलाच मोजतो. आठ आकड्यांतला सर्वांत मोठा वजा सर्वांत लहान, हा तुमचा फरक. त्याच वेळी डिस्कवर कोरलेला किमान जाडीचा आकडा वाचा. दोनदा घासलेली डिस्क पुष्कळदा त्याच्याही खाली गेलेली असते. पातळ डिस्क लवकर तापते आणि तापली की पुन्हा थरथरते. अशा वेळी लेथचा मोह सोडून नवी जोडी घ्या, आणि जोडीच घ्या, एका बाजूची एकच नको.

लेथवाल्याबद्दल एक शब्द. आपल्याकडचे टर्नर हात बसलेले कारागीर आहेत, बोटीच्या शाफ्टपासून पंपापर्यंत सगळं करतात. पण डिस्कचं काम त्यांच्याकडे बहुधा पोत्यात गुंडाळून येतं, गंजासकट. टोपीच्या आतली बाजू साफ न करता ती चकवर धरली, तर लेथ त्या गंजाला प्रमाण मानून कापतो. डिस्क लेथवर सरळ फिरते, गाडीवर तिरकी. म्हणून डिस्क घरून साफ करून न्या आणि विनंती करा की दोन्ही बाजू एकाच धरणीत कापा, शेवटचा कट हलका घ्या. घरी आणल्यावर साबणाच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडी करा. लोखंडाची बारीक पूड छिद्रांत राहते आणि नव्या पॅडमध्ये रुतते.

घासूनही ठरावीक जागी निळसर-काळे डाग परत उमटत असतील तर ती डिस्क संपली म्हणून समजा. ओतीव लोखंड ६५० अंशांच्या पुढे तापलं की काही ठिकाणी त्याची घडण बदलते, सिमेंटाइट नावाचं अतिकठीण संयुग तयार होतं. लेथचं टूल त्यावरून किंचित उचललं जातं, बाकी डिस्क झिजते आणि तो उंचवटा पुन्हा वर येतो.

एवढी उष्णता येते कुठून? आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर. घाट उतरून दाणोलीला येईपर्यंत गाडी निदान पाचशे मीटर खाली आलेली असते. १२०० किलोची गाडी तेवढी उतरली की जी ऊर्जा सुटते तिच्यात वीस लिटर पाणी उकळेल. इंजिनाला काही खाऊ दिलंत तर त्यातला मोठा भाग तिकडे जातो. पाय सतत ब्रेकवर ठेवून चौथ्या गिअरमध्ये उतरलात तर ती हंडाभर पाण्याची आग मुख्यतः पुढच्या दोन डिस्कवर. फोंडा आणि करूळ घाटांतही हेच. वर ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या एसटी चालकांचा नियम कुठल्याही पॅडपेक्षा भारी आहे. आणि खाली उतरल्यावर चहाला थांबताना तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून ठेवू नका. पॅडचा थर डिस्कवर छापला जातो आणि पुढे तोच ठसा धडधडतो. मागच्या तापलेल्या ड्रमवर हँडब्रेकही कचकचून ओढू नका. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा.

माझ्या गाडीतली उरलेली एक चतुर्थांश थरथर कॅलिपरच्या पिनांतून निघाली. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यांतली एक खाऱ्या हवेने धरली होती, त्यामुळे आतला पॅड दाबायचा आणि बाहेरचा नुसता चाटायचा. ओळखायची खूण सोपी: एकाच चाकाचे दोन पॅड कमी-जास्त झिजलेले दिसतात, आणि फेरी मारून आल्यावर एका चाकाजवळ हात नेला तर दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त धग लागते. डिस्कला हात मात्र लावू नका. पिना बाहेर काढून साफ करा आणि ब्रेकसाठी मिळणारं सिलिकॉन ग्रीसच लावा. साधं पिवळं ग्रीस रबरी बूट फुगवतं आणि पिन पुन्हा अडकते. पॅड बसवताना कॅलिपरच्या खाचांतला गंजही खरवडा, नवा पॅड तिथे हाताने सरकला पाहिजे, हातोडीने नाही. याच वेळी लोअर आर्मचे बुश आणि टाय रॉडचे एन्ड हलवून बघा. ते सैल असतील तर डिस्कमधला क्षुल्लक दोषही स्टेअरिंगपर्यंत मोठा होऊन पोचतो.

चाक लावताना नट आधी हाताने, मग पान्याने समोरासमोर दोन टप्प्यांत, आणि शेवटचा आवळा गाडी जमिनीवर टेकल्यावर टॉर्क पान्याने. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. एअर गनने फर्रकन आवळलेला एक नट आणि सैल राहिलेला दुसरा, एवढ्यानेही डिस्क हबवर ताणली जाते. पंक्चर काढून आल्यावर थरथर सुरू झाली, असं सांगणाऱ्यांनी पहिल्यांदा इथेच बघावं. पाच मिनिटांत सोडून-आवळून कळतं.

मग नव्या पॅडची डिस्कशी ओळख करून द्यायची असते. हे काम गॅरेजवाला करत नाही, आणि ते राहिलं की सगळी मेहनत फुकट. सकाळी लवकर एखाद्या सड्यावरच्या सरळ, मोकळ्या रस्त्यावर जा. परुळे-चिपीकडचा सडा मला सोयीचा पडतो. ५०-६० च्या वेगावरून १५ पर्यंत, मध्यम दाबाने, पूर्ण न थांबता, असं आठ-दहा वेळा करा. प्रत्येक वेळी मध्ये मिनिटभर गाडी नुसती चालवून ब्रेक थंड होऊ द्या. शेवटी पाचेक किलोमीटर ब्रेक जवळजवळ न वापरता चालवा आणि मगच उभी करा. पहिले दोन-तीनशे किलोमीटर घाट टाळता आला तर टाळा.

गाडीच्या डायरीत त्या दिवशीचा किलोमीटरचा आकडा, डायल गेजवरचा आकडा आणि जाडीचे आठ आकडे लिहून ठेवा. हजार किलोमीटरनंतर थरथर पुन्हा जाणवली तर काय बदललं ते लगेच सापडतं.

शेवटी चाकरमान्यांसाठी. गावच्या घरी गाडी ठेवून गणपतीनंतर जाता ते शिमग्याला उगवता, आणि मधल्या काळात ती माडाखाली, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी असते. जाण्याआधी चाकांच्या आतून आणि गाडीच्या खालून गोड्या पाण्याने धुवा. मग दोन-चार किलोमीटर चालवून, हलके ब्रेक मारून डिस्क कोरड्या करा, कारण ओल्या डिस्कवर पॅड जिथे टेकलेला असतो तिथेच गंजाचा ठसा बसतो. हँडब्रेक सोडा, नाहीतर शू ड्रमला चिकटतील. गाडी पहिल्या गिअरमध्ये, चाकाच्या पुढेमागे चिरे. शेजारच्या कुणा खात्रीच्या माणसाकडे चावी देऊन जा आणि पंधरा दिवसांतून एकदा बाजारापर्यंत फिरवून आणायला सांगा. नुसतं इंजिन सुरू करून ठेवलं तर डिस्क काही फिरत नाही.